शाळेसाठी घरचा कापूस

आमच्या घरात शाळा धाकटीच्या फोनवर येते. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. घरात मुलं दोन, माझा मुलगा आणि तिची मुलगी. दोघंही तिसरीत, एकाच वर्गात. पण वर्गाच्या ग्रुपवर नंबर एकच, तिचा. उद्या पांढरे बूट घालायचे, परवा सुट्टी आहे, कुणी डबा परत आणला, कुणाची परीक्षा कधी, हे सगळं तिच्या हातातल्या फोनवर वाजतं आणि मग ती मला सांगते. म्हणजे माझा मुलगा शाळेत काय करतो, हे मला जावेकडून कळतं. कधी ती लगेच सांगते, कधी संध्याकाळी, कधी विसरते. विसरली की म्हणते, "अवो ताई, सांगायचंच राहून गेलं पाहा," आणि हसते. मीही हसते. ते हसू तोंडावर धरून ठेवायला किती जोर लागतो, ते माझं मला ठाऊक.

हे ठरलं होतं सासूबाईंच्या एका वाक्यात. मुलं नर्सरीत गेली तेव्हा शाळेनं घरचा एक नंबर मागितला. सासूबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "धाकटीचा द्या. थे शिकेल हाय." त्या दिवसापासून घरात कामाची वाटणी झाली. मोठीनं रांधायचं, धाकटीनं शिकवायचं. माझे मिस्टर आणि दीर दोघंही सकाळीच तिगावकडच्या शेतावर जातात. संत्र्याचा तोडा आणि कापसाची वेचणी यातून मान वर काढली तर जेवतात आणि झोपतात. त्यांना ही वाटणी एकदम पसंत पडली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय बोलले असते?

आता मी काही अडाणी नाही. माझं माहेर नरखेडकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं. बारावीपर्यंत मराठीतून शिकले. शाळेत माझा निबंध बाई वर्गात वाचून दाखवायच्या. लग्न होऊन मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याला आले, तो रस्ता पॅसेंजरनंसुद्धा फार लांबचा नाही. बोलणं तेच, भाजी तीच, सणवार तेच. फक्त पोराच्या शाळेच्या फाटकातून आत गेलं की सगळं हिंदी आणि इंग्रजी. तिथं माझी बारावी फाटकाबाहेरच उभी राहते. धाकटी सौंसरची. तिचे वडील रिटायर्ड मास्तर, ती स्वतः एम.ए., बी.एड. तिचं सगळं शिक्षण हिंदीतून झालं आणि इंग्रजी तिला घरातच मिळालं. हे तिनं काही माझ्याकडून हिसकावून घेतलेलं नाही. तरी मला तसं वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

पुढच्या खोलीत तिचा कोपरा आहे. दाराच्या मागच्या अंगाला काळा रंग लावून फळा केलेला. खाली लाकडी फळीवर गोष्टींची पुस्तकं, पृथ्वीचा गोल, रबर लावून बांधलेल्या आगपेटीच्या काड्या, भिंतीवर शरीराच्या अवयवांचा तक्ता. नागपूरला गेलं की मी पोरांसाठी मोजे आणि बनियन आणते, ती पुस्तकं आणते. आणल्याबरोबर दोघं तिच्या पिशवीवर तुटून पडतात. मोजे मी कपाटात ठेवून देते.

संध्याकाळी दिवे लागले की दोघं तिच्यापुढे मांडी घालून बसतात आणि मी स्वयंपाकघरात कणीक तिंबत असते. मधे एकच भिंत. माझ्या मुलाचा आवाज सगळ्यात वर असतो. "काकू, मी सांगतो! काकू, मी!" कुकरची शिट्टी झाली की त्याचं उत्तर मला ऐकू येत नाही. म्हणून कित्येकदा मी कुकर उशिरा लावला आहे आणि जेवायला उशीर झाला म्हणून सासूबाईंचं बोलणंही खाल्लं आहे. मग ताटावर बसल्यावर मी त्याला विचारते, "आज काय शिकला रे?" तो म्हणतो, "काही नाही." अर्धी पोळी पोटात गेली की तिच्याकडे वळून म्हणतो, "काकू, पण मंग देवमासा पाण्यात श्वास कसा घेते?" माझ्या हाताची पोळी, तिच्या डोक्यातला देवमासा.

तिची मुलगी मात्र वेगळी. तिला सगळं येतं, पण आईपुढे तोंड उघडत नाही. शाळेतही तेच. मॅडमची दर वेळची तक्रार, मुलगी बोलत नाही. मग धाकटीच्या कपाळावर आठी पडते आणि ती आठी पाहून पोरगी आणखी मिटून जाते. अभ्यास संपला की ती सरळ माझ्याकडे येते. ओट्याजवळ पाट घेऊन बसते, शेंगा सोलते आणि बडबडते. वर्गात कुणी कुणाची कट्टी केली, बसमध्ये कोण ओकलं, तिला कशाची भीती वाटते. मी ऐकते आणि फोडणी देते. मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. पोर आहे, येते, बसते.

माझं दुखणं वेगळंच होतं. ते दुखणं नेमकं सांगायचं तर मागच्या वर्षीच्या पालक सभेपासून सुरू होतं.

पालक सभेला नेहमी धाकटीच जायची, दोघांसाठीही. त्या वेळी मी म्हटलं, मीही येते. चांगली साडी नेसले, रस्त्यानं मनातल्या मनात हिंदी वाक्यं जुळवत गेले. वर्गात मॅडमच्या टेबलापुढे खुर्ची एकच होती. आम्ही दोघी दारात दिसलो तशी मॅडमनं ती खुर्ची धाकटीपुढे सरकवली आणि मला म्हणाली, "आप पीछे बेंच पर बैठ जाइए." मग माझ्या मुलाची वही उघडून धाकटीला सांगू लागली की गणितात हुशार आहे, अक्षर सुधारायला हवं, थोडा घाई करतो. शेवटी म्हणाली, "मम्मी इतना ध्यान देती हैं, तो बच्चा अच्छा करेगा ही."

मम्मी म्हणजे धाकटी. ती पटकन म्हणाली, "नहीं, नहीं, मम्मी तो ये हैं." पण तेवढ्यात दुसरे पालक आत आले आणि मॅडमचं लक्ष तिकडे गेलं. मुलगा टेबलाच्या कडेला उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मॅडमच्या हातातल्या वहीकडे पाहू लागला. मुलांच्या बेंचवर गुडघे दुमडून बसले होते मी. घरी येईपर्यंत माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली होती. धाकटी बिचारी रस्ताभर माफी मागितल्यासारखं बोलत होती आणि तिचं ते बिचारं होणंच मला सहन होत नव्हतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या मुलाच्या शिकण्यात कुठंतरी मी असावी, आणि ते त्याला माहीत असावं. जगाला नाही कळलं तरी चालेल. त्याला कळावं.

यंदा हिवाळ्यात धाकटीच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. माहेरी करायला कुणी नव्हतं, म्हणून ती सौंसरला गेली. अर्धवार्षिक परीक्षा जवळ आली होती, त्यामुळे मुलीला इथंच ठेवलं. निघताना पिशवी खांद्याला लावून मला म्हणाली, "ताई, ग्रुपवर तुमचा नंबर टाकाले सांगतो मॅडमले. आठ-दहा दिवस तुम्हीच पाहा."

मी म्हटलं, "बरं." बस रेल्वे फाटकाच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. मग घरात येऊन चहा केला आणि उभ्यानं नव्हे, तिच्या कोपऱ्यात बसून प्यायले.

दुसऱ्याच दिवशी माझा फोन वाजला. शाळेचा पहिला निरोप माझ्या फोनवर! निम्मा इंग्रजीत, निम्मा हिंदीत. अक्षर अक्षर लावून वाचला. मूग कापसावर भिजवून उगवायचा, पुढच्या शनिवारी वर्गात आणायचा, आणि तो कसा उगवला ते आईवडिलांसमोर उभं राहून सांगायचं.

मुलगा म्हणाला, "काकूले फोन लावू?"

"कायले?" मी म्हटलं. "बी अन् कापूस. हे आपल्याले सौंसरले विचारा लागते का?"

खरंच सांगते, मला देव पावल्यासारखं झालं होतं. देवमाशाबद्दल विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. पण हा तर आमच्याच घरचा धडा होता. मागच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस पडलेला, भाव चांगला येईल म्हणून थांबवलेला. मुगाचा डबा ओट्यावर. मी दोन्ही मुलांना घेऊन मागच्या खोलीत गेले, ढिगातून पांढराशुभ्र कापूस घेतला, दोन काचेच्या वाट्यांत भरला. एक त्याची, एक तिची. वर मूग ठेवले, पाणी घातलं. मुलांना सांगितलं की आता रोज पाहायचं. मीच मॅडम झाले होते.

पाणी कापसात जाईना. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं कापसावरून घरंगळायचं आणि वाटीच्या तळाला जाऊन बसायचं. वर कापूस कोरडा, मूग कोरडे. मी बोटानं दाबलं, पुन्हा घातलं. तिनं, म्हणजे छोट्या पोरीनं, सुचवलं, "मोठी आई, कोमट पाणी घालून पाहू." कोमट घातलं. हळूहळू कापूस भिजला आणि असा बसला की मूग त्याच्यासकट तळाच्या पाण्यात बुडाले. थंडी होती म्हणून दोन्ही वाट्या मी गॅसच्या शेगडीशेजारी सरकवल्या. ती पोरगी शाळेतून आली की आधी तिथं यायची, वाटीत नाक खुपसायची, मला हाक मारायची. मुलगा लांबूनच पाहायचा. दोन-तीन दिवसांनी वाटीला वास येऊ लागला. मूग फुगून फुटले होते, मोड एकालाही नव्हता. मी म्हणत होते, थंडी आहे, वेळ लागतो.

एका दुपारी मी अंगणात भांडी घासत होते. न्हाणीतून आवाज आला. मुलानं माझा फोन नेला होता आणि व्हिडिओ कॉल लावला होता, म्हणून पलीकडचं सगळं खणखणीत ऐकू येत होतं.

"घरचा कापूस घेतला का?" धाकटी विचारत होती. "थो तेलकट असते रे. पाणी धरत नाही. पप्पाले सांग, मेडिकलमधून गुंडाळीचा कापूस आणून द्या म्हणून. त्याच्यावर ठेव, दोन दिवसांत मोड येतीन." मग आवाज खाली आला. "अन् आईले नको सांगू. तिले वाईट वाटन."

माझ्या हातातला तारेचा गुंडा तसाच राहिला. माझं वाईट वाटणं तिला सौंसरला बसून सांभाळायचं होतं! तिनं मला हसावं, मूर्ख म्हणावं, सासूबाईंना सांगावं, सगळं मी पचवलं असतं. पण ती माझी काळजी घेत होती, तीही माझ्याच मुलाला हाताशी धरून. माझ्याच घरात माझ्यापासून लपवायची गोष्ट त्या दोघांमध्ये होती. जळणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी पुरतं कळलं.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "अन् तिच्यासाठीबी करू का?"

"हो, कर ना. तिलेबी लागन."

"थे नाही म्हणते. थे म्हणते, मी मोठ्या आईचंच नेईन."

"बरं," धाकटी म्हणाली आणि फोन कट केला.

ते ऐकून मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. गार वाटलं. थोडंसंच, पण वाटलं.

मेडिकलचा कापूस घरात कधी आला, मला कुणी सांगितलं नाही. मिस्टर माझी नजर चुकवत होते, त्यावरून समजले. वाटीही सापडली. जिन्याखाली हिवाळ्यात कुलर ठेवतो, त्याच्या मागे. स्टीलची वाटी, तिच्यात सपाट पांढरा कापूस, त्यावर ओळीनं मूग, प्रत्येकाला बारीक पांढरी शेपटी. मी कुलरजवळ बसून त्या वाटीकडे पाहत राहिले. सवतीच्या पोराकडे पाहावं तशी. ती उचलून नालीत ओतायला काही फार लागलं नसतं. मांजरानं सांडली म्हटलं असतं. आमच्याकडे मांजरं कमी नाहीत.

पण कापूस कडेनं कोरडा पडू लागला होता. मुलांचं असंच असतं, आज उत्साह आणि उद्या विसर. शेपट्या सुकू लागल्या होत्या. मी उठले, तांब्या आणला आणि पाणी घातलं. माझ्याच हातानं तिचा धडा जगवला. मला माझाच राग आला, पण घातलं. पोराचं होतं ना ते. शनिवारी वर्गात त्याच्या हातात सुकलेले मूग असते तर मला सहन झालं असतं का?

मग रोजचंच झालं. मुलं शाळेत गेली की मी ती वाटी जिन्याखालून काढायची. अंधारात मूग पिवळट आणि लांबुडके होऊ लागले होते, म्हणून अंगणात उन्हात ठेवायची. ऊन सरकलं की वाटीही सरकवायची. पाणी घालायचं, जास्त नाही. आणि मुलं यायच्या आत परत कुलरच्या मागे, होती तशी, त्याच बाजूनं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "काय करून राहिली वं?" मी म्हटलं, "काही नाही, उंदीर आहे का पाहून राहिली." दिवसभर मनात धाकटीला शिव्या आणि हातानं तिच्या मुगाची चाकरी. मूग हिरवेगार झाले, दोन-दोन पानं उघडली. ओट्यावरच्या काचेच्या वाट्यांकडे मी पाहणंच सोडलं होतं, छोटीच काय ती आपल्या वाटीत पाणी घालायची.

शनिवार आला. सकाळी ओट्यावरच्या दोन वाट्यांपैकी मुलानं आपल्या वाटीकडे पाहिलंही नाही. कापडी पिशवीत कुलरमागची वाटी घालून, "आई, येतो," म्हणून तो आधीच बाहेर पडला. छोटी मात्र ओट्याशी आली आणि तिनं आपली काचेची वाटी दोन्ही हातांनी उचलली. मी म्हटलं, "राहू दे वं, त्यात काही उगवलं नाही. हसतीन सगळे." तिनं मान हलवली आणि वाटी छातीशी धरून निघाली.

धाकटी सौंसरहून बसनं सरळ शाळेतच आली. वडिलांना बरं वाटलं म्हणून वाटेत जामसांवळीला थांबून मारुतीचं दर्शन घेऊन आली होती. वर्गाच्या दारातच माझ्या हातावर प्रसाद ठेवला. या वेळी खुर्च्या पालकांसाठी मागे ओळीनं मांडल्या होत्या. आम्ही शेजारी शेजारी बसलो.

मुलाचा नंबर लवकर आला. वाटी टेबलावर ठेवून त्यानं खड्या आवाजात सांगितलं, बीज, पाणी, हवा, ऊब. कुठं अडला नाही. पानं इतकी तजेलदार होती की मॅडमनं वाटी उचलून सगळ्यांना दाखवली. "बहुत बढ़िया. घर पे किसने सिखाया?"

मी खुर्चीच्या कडेला सरकले. मला उत्तर माहीत होतं, तरी सरकले.

"काकूने," तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या. मॅडमनं त्याच्या छातीवर तारा चिकटवला. मीही टाळ्या वाजवल्या, कारण सगळे पाहत होते. धाकटी शेजारी जराशी अवघडून बसली होती. माझ्या हातातला प्रसाद दाबून दाबून चिकट झाला होता.

मग छोटीचा नंबर आला. तिनं काचेची वाटी पुढे केली. मॅडमनं आत पाहिलं आणि भुवया वर केल्या. मला लाजेनं कुठं जाऊ असं झालं. पण मॅडम म्हणाली, "ये मूंग नहीं है. ये क्या है?"

मी मान उंच करून पाहिलं. काळपट झालेल्या मुगांच्या मधून दोन कोंब वर आले होते. जाड देठाचे, पानं रुंद आणि घडी घातलेली. ती पानं मला ओळखू यायला डोळे लागत नाहीत, अंधारातही हातानं ओळखीन. सरकी उगवली होती. मी ढिगातून जसा घेतला तसा कापूस वाटीत भरला होता, आत सरकी आहे हे कुणाला आठवतं? आमच्या घरी कापूस म्हटला की त्यात सरकी असायचीच. मुगाच्या नावानं आठवडाभर पाणी सरकी पीत होती, आणि शेगडीच्या उबेला ती फुटली होती.

आणि ती पोरगी बोलू लागली. जी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटते, ती. "ये कपास है. मूंग तो मर गया. मोठी आईने घर का कापूस लिया था, तो उसमें पाणी जाच नहीं रहा था." निम्मं हिंदी, निम्मं आमचं घरचं. पाणी कसं घरंगळलं, कोमट पाण्याची युक्ती तिला कशी सुचली, मोठी आई बोटानं कशी दाबत होती, वाटीला कसा वास आला, आणि मग एका सकाळी तिलाच कसा पहिला कोंब दिसला आणि तिनं तो कुणालाच सांगितला नाही. मॅडम मधे म्हणाली, "ठीक है बेटा," तरी थांबली नाही. मुलं हसली, तरी थांबली नाही.

मॅडमनं शेवटी म्हटलं, "पर मैंने तो मूंग बोला था ना?" आणि तारा काही दिला नाही. छोटीला त्याचं काही वाटलं नाही. वाटी घेऊन ती जागेवर गेली, जाताना माझ्याकडे पाहून हसली. माझ्याकडे. शेजारी तिची आई बसली होती.

मी धाकटीकडे वळले, माफी मागायला. माझ्यामुळे पोरीचा तारा गेला होता. पण ती मॅडमकडे पाहत नव्हती. ती आपल्या मुलीकडे पाहत होती. ओठ हसत होते, टाळ्या वाजत होत्या, आणि डोळे भलतंच बोलत होते. तो चेहरा मी चांगला ओळखते. रोज संध्याकाळी कणीक तिंबताना तोच माझ्या मानेवर असतो.

घरी येताना मुलं पुढे चालत होती. धाकटी म्हणाली, "ताई, माझ्याजवळ थे एवढं कधीच बोलत नाही. मी एवढं शिकवतो तिले."

तिला बरं वाटेल असं काही बोलायला हवं होतं. मला सुचत होतं, दोन-तीन वाक्यं सुचत होती. मी एवढंच म्हटलं, "लहान आहे अजून." आणि रस्ताभर मनातल्या मनात तिचं ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं.

पण माझं स्वतःचं काय? माझा मुलगा भर वर्गात काकूचं नाव घेऊन तारा लावून पुढे उड्या मारत चालला होता. छोटीचं हसू गोड होतं, पण त्यानं माझं भरून निघत नव्हतं. पोरीची आई मी नव्हते.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. धाकटी पुढच्या खोलीत पिशवी रिकामी करत होती, वडिलांचा डोळा कसा आहे ते सासूबाईंना सांगत होती. मुलगा स्वयंपाकघरात आला. हातात मुगाची वाटी. ओट्याला टेकून उभा राहिला, वाटीतल्या पानांशी खेळत.

"आई, याच्यात पाणी तू घालत होती ना?"

मी तव्यावरची भाकरी उलटवली. "कोण म्हणते?"

"मी तर पहिल्या दिवशीच घातलं फक्त. मंग विसरलो. दोन दिवसांनी पाहिलं तर कापूस ओला. तेव्हाच मले समजलं, तू घालून राहिली. म्हणून मंग मी घातलंच नाही." तो अगदी सहज बोलत होता, डबा तू भरतेस म्हणावं तसं. "उन्हातबी तूच ठेवलं ना? नाहीतर एवढं हिरवं झालंच नसतं. काकू म्हणे, ऊन पायजे."

"मंग मॅडमले काऊन नाही सांगितलं?" माझ्या तोंडून गेलंच.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच तिसरीतली. "मॅडमनं विचारलं, कोणं शिकवलं. थे काकूनं शिकवलं. वाढवलं कोणं, असं कुठं विचारलं?"

भाकरी एका अंगानं करपली, त्याचा वास सुटला. मी ती उतरवली नाही. मान वळवली तर दारात धाकटी उभी होती, हातात प्रसादाची पुडी. तिनं ऐकलं होतं, पण किती ऐकलं ते कळत नव्हतं.

मी पदराला हात पुसले आणि मुलाला जवळ ओढलं.

"काय म्हणाला रे?" मी म्हटलं. "जरा मोठ्यानं सांग. कुकरच्या आवाजात ऐकू नाही आलं."

कुकर अजून लावलाच नव्हता.